घड्याळं वाटणारा मामा

शहापूरजवळच्या शाळेत मी नववीला इंग्रजी शिकवतो. घड्याळ भेट दिल्याबद्दल मामाचे आभार मानणारं पत्र अभ्यासात दरवर्षी असतं आणि मुलं ते झोपेत लिहितात. यंदा मी खरीखुरी पोस्टकार्डं वाटली. मामा मनाचाच, सगळ्यांना एकच, पत्ता सापगावचा, पाठवणाऱ्याच्या जागी शाळा. टाका असं मी म्हटलं नव्हतं. पोरांनी ती नेऊन पेटीत टाकली.

चौथ्या दिवशी पोस्टमन वर्गापाशी आला. देवळात शिरावं तशा त्याने चपला दाराबाहेर काढल्या आणि अडतीस कार्डांचा गठ्ठा छातीशी धरून उभा राहिला.

“सर, सगळं सापगाव पालथं घातलं. हा मामा कुठंच नाय. अडतीस घड्याळं वाटली आन गेला कुठं?”

“अहो, असा मामाच नाही.”

त्याने बाकांवरून नजर फिरवली. सगळी मनगटं रिकामी. “म्हंजे घड्याळंपण नाय?”

“नाही.”

त्याने गठ्ठा पुन्हा एकदा चाळला. मग म्हणाला, “पण पोरांनी पत्रं तर खरी टाकली ना? उत्तर नाय आलं तर म्हणतील, पोस्टानंच खाल्लं.”

सोमवारी वर्गाच्या नावे मराठीत कार्ड आलं: ‘भाच्यांनो, पत्रं पोचली. घड्याळं जपून वापरा. मामा.’

आता त्याची मोटारसायकल खिडकीखालून गेली की अख्खा वर्ग “मामाऽ” ओरडतो. तो थांबत नाही. डावं मनगट डोळ्यांसमोर धरून किती वाजले ते बघतो. मनगट त्याचंही रिकामंच. तरी तास संपल्यासारखा मी घाईघाईने फळा पुसायला घेतो.