देव्हाऱ्यातली कात्री

खेड्यातल्या बायकांना कुणी माझ्यासमोर अडाणी म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. वय झालं, दात पडले, पण हा राग काही कमी झाला नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी दोन-तीन वर्षं मी भोर-वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात नर्स होते. वाड्यावस्त्यांवर पायी हिंडून बाळंतिणींना बघायचं आणि गावच्या सुईणींना शिकवायचं, हे माझं काम. शिकवायचं म्हणजे कसं, तर आमचे डॉक्टरसाहेब पासली गावी एकदा घोड्यावरून आले. आसपासच्या पाच-सहा सुईणींना चावडीपुढे भर उन्हात बसवलं आणि वरून आलेलं पत्रक वाचून दाखवलं. ‘नाळ छेदण्यापूर्वी शस्त्र निर्जंतुक करावे.’ बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी मधेच म्हटलं, “म्हणजे कात्री उकळत्या पाण्यात घाला.” साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. मग प्रत्येकीला एकेक पत्र्याचा डबा दिला. आत कात्री, दोरा, कापूस. अर्ध्या तासात शिक्षण आटोपलं आणि साहेब घोड्यावर बसले.

पासलीची सुईण साठीच्या घरातली होती. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. मी तिला मावशी म्हणायची. तोवर ती भात कापायच्या विळ्यानंच नाळ कापत आली होती. त्या गावात एक सून होती, विशीतली. तिचं पहिलं मूल आठव्या दिवशी गेलं होतं. जबडा आवळला, दूध ओढेना, अंगाची कमान झाली. सटवाईनं नेलं, असं घरच्यांनी म्हटलं. तो धनुर्वात होता. ती पुन्हा पोटुशी होती आणि माझी सगळी भिस्त त्या कात्रीवर होती.

तिचं दुसरं मूलही आठव्या दिवशीच गेलं.

मी तावातावानं मावशीच्या घरी गेले. “कात्री उकळली नव्हती ना?” मी ओरडलेच. तिनं मला हाताला धरून आत नेलं आणि देव्हारा दाखवला. देवांच्या टाकांच्या शेजारी कात्री ठेवलेली. हळदीकुंकवानं माखलेली, वर अंगारा.

“आदी एक बाळातपन केलं तवा उकळली व्हती, बाई,” ती म्हणाली. “प्वार ग्वाड ऱ्हायलं. मग पाचवीला पुजली. ज्या हत्यारानं नाळ कापायची त्येची पाचवीला पूजा करत्यात आमच्यात. पुजल्यावर देव झाली की ती. देवाला कडत पान्यात कसं घालायचं? पाप लागंल.”

मी खाली बसले. तिनं आमची कात्री हेटाळली नव्हती, उलट आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या मानाच्या जागी नेऊन ठेवली होती. आणि तिथूनच उचलून त्या पोरीच्या बाळाची नाळ कापली होती.

“उकळा म्हनालासा,” मावशी म्हणाली, “पर का उकळायची, ते कुनी सांगितलं?”

कुणीच नाही. साहेबांनी नाही आणि मीही नाही. मग मी तिला विचारलं, “दूध नासलेलं मडकं न धुता त्यात आजचं दूध घातलं तर?”

“नासंल की.”

“तशीच कात्रीला डोळ्यांना न दिसणारी घाण असते. हळद-कुंकू, अंगारा यातनंही येते. ती नाळेतनं बाळाच्या अंगात जाते. उकळलं की मरते.”

तिनं देव्हाऱ्यातल्या कात्रीकडे बघितलं. मग म्हणाली, “म्हंजी म्याच नासवलं त्ये लेकरू.” एवढं म्हणून ती रडायला लागली. मी तिच्याजवळ बसून राहिले.

ही हकिगत मी साहेबांना सांगितली, तीच माझी चूक झाली. ते पासलीला आले, मावशीला चावडीवर उभं केलं आणि साऱ्या गावादेखत तिची खरडपट्टी काढली. अडाणी, हत्यारीण, काय वाटेल ते बोलले. डबा काढून घेतला. शेजारच्या गावांच्या सुईणींचे डबेही जप्त केले. मी म्हटलं, “साहेब, कात्र्या नेल्यात तर त्या विळ्यानं कापतील.” ते म्हणाले, “तो आपला प्रश्न नाही.” मग प्रश्न कुणाचा होता?

पुढच्या पावसाळ्यात त्या सुनेला पुन्हा दिवस भरले. हेही गेलं तर लेकाचं दुसरं लग्न लावायचं, असं सासूनं सगळ्यांसमोर बोलून दाखवलं होतं. ओढ्यांना पाणी होतं. मी पोचले ती नवव्या दिवशी. दाराशी थांबून आधी कानोसा घेतला.

आत बाळ आईच्या अंगावर पीत होतं. चांगलं चुरूचुरू आवाज करत.

मावशीनं मला दोन विळे दाखवले. “ह्यो उकळून घेतला, नाळंसाठी. आन् त्यो दुसरा पाचवीला मांडला. देवाचा येगळा, कामाचा येगळा. सटवाई कशाला रागावती?” हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनंच तोड काढली, आणि शेजारच्या गावांतल्या सुईणींनाही जाऊन शिकवली. वर्षभरात त्या बाजूनं आठव्या दिवसाची एकही बातमी माझ्या कानावर आली नाही.

मी हे सगळं साहेबांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि वरिष्ठांसाठी अहवाल लिहायला घेतला. अडाणी सुईणींची हत्यारे वेळीच जप्त केल्यामुळे अर्भकांचे मृत्यू थांबले, असं त्यात लिहिलं. माझं अक्षर चांगलं म्हणून त्याची नक्कल करायला माझ्याकडे दिला. मी एक शब्द न बदलता ती केली, खाली नक्कल करणारी म्हणून माझी सही केली आणि टपालात टाकली.