डाव्या पायाची चप्पल

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. चर्चच्या पाळकसाहेबांना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि प्रार्थनेत — तिथे तरी खोटं चालत नाही म्हणतात — तिथेही या एका गोष्टीशी आले की मी विषय बदलते. बहिणीच्या गुडघ्यांवर येते, देशाच्या शांतीवर येते. देवाशीसुद्धा मी अशी बोलते, तर तुमच्याशी कशी बोलणार? पाहू या.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे नंतर पळायला वाट उरायची नाही. मी शाळेतून निवृत्त झालेली मराठीची बाई. बदलापूरला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. मी ख्रिस्ती आहे. आणि तरुण मुलांसाठी पाच कादंबऱ्यांची एक मालिका मी एका पुरुषाचं टोपणनाव घेऊन लिहिली आहे. यातली शेवटची दोन वाक्यं माझ्या इमारतीत कोणालाही माहीत नाहीत.

मालिका पुढच्या काळातल्या एका शहराची आहे. तिथे माणसांची नावं काढून घेतलेली आहेत आणि एकत्र जमून प्रार्थना करणं गुन्हा आहे. रोज सकाळी वेशीच्या नाक्यावर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात : काल काय केलंस? आपलं नाव मनात जपणारी सोळा वर्षांची तिर्झा चार पुस्तकं 'काही नाही' म्हणून नाका ओलांडते. पाचव्यात तिला खरं बोलावंच लागणार, हे वाचणाऱ्या पोरांना पहिल्या पुस्तकापासून ठाऊक होतं. मला मात्र ते वाक्य सुचत नव्हतं. दोन वर्षं सुचत नव्हतं.

ही पुस्तकं उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये छापली जातात. जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत एक छापखाना आहे, त्याचे सिंधी मालक माझं खरं नाव जाणणारे एकटेच. त्यांनी माझं एक पानही वाचलेलं नाही, पण भेटले की म्हणायचे, "मॅडम, पाँचवा कब? पोरं माझं डोकं खातात, वो लडकी बोलेगी के नहीं?" मी म्हणायचे, बोलेल, बोलेल. आणि शेअर रिक्षात बसून परत यायचे.

का सुचत नव्हतं, हे मला न कळायला मी काही बावळट नाही. हा फ्लॅट घेताना सोसायटीचे चेअरमन सहज म्हणाले होते, "कदम म्हणजे आपल्यातलेच की." मी म्हटलं, "हो, आपल्यातलेच." संपलं. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांची आडनावं तुमच्यासारखीच असतात, त्यामुळे कोणी पुढे विचारलं नाही. रविवारी अंबरनाथला देवळात जाते, असं मी शेजारणींना सांगायचे. आमच्याकडे चर्चलाही देऊळच म्हणतात, तेव्हा शब्दशः ते खोटं नव्हतं. त्यांनी शिवमंदिर धरलं. एकदा एकीने महादेवाला वाहायला बेलाची पुडी दिली, तीही मी घेतली, आणि खरोखर शिवमंदिरात नेऊन ठेवली. तिचा विश्वास तरी वाया जाऊ नये म्हणून! किती काळजी मला दुसऱ्यांच्या विश्वासाची.

मग खालच्या मजल्यावर, बरोबर माझ्या खाली, रूथचं कुटुंब भाड्याने राहायला आलं. वडील अंबरनाथच्या एका कंपनीत, आई नर्स, आणि ही अकरावीतली मुलगी. त्यांनी आल्या आल्या दारावर क्रूस लावला. मी जिन्यातून जाताना त्याच्याकडे बघायचं टाळायचे. रूथ माझ्याकडे मराठी शिकायला येऊ लागली, आणि एके दिवशी तिने दप्तरातून एक पुस्तक काढून माझ्या हातात दिलं.

"काकू, हे वाचा ना. एकदम भारी आहे."

माझंच होतं. तिसरा भाग. पानं दुमडलेली, तिर्झाच्या बोलण्याखाली पेन्सिलच्या रेघा. मी ते आठ दिवस ठेवून घेतलं आणि परत देताना म्हटलं, ठीक आहे, मुलांसाठी बरं आहे. तिचा चेहरा पडला. "तुम्हाला काय वाटतं, काकू, शेवटी नाक्यावर काय बोलेल ती?" मी म्हटलं, ते त्या लेखकालाच माहीत. आतून इतकी गंमत वाटत होती मला! खरंच सांगते, गंमतच वाटत होती.

बुधवारी संध्याकाळी त्यांच्याकडे आठ-दहा माणसं जमायची. पेटी, खंजिरी, गाणी. तासाभरात सगळं आटपायचं. मला त्यातली सगळी गाणी पाठ होती. पंख्याच्या आवाजात नीट ऐकू येत नाही म्हणून मी पंखा बंद करायचे आणि घामाघूम होऊन जमिनीवर बसायचे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी काय बोलले ते ऐकाल तेव्हा लागेल.

काही लोकांनी तक्रार केली. रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात मीटिंग लावली. मी पाळकसाहेबांना ताप आहे असं कळवलं आणि मीटिंगला जाऊन बसले. रूथ आणि तिचे वडील उल्हासनगरची उपासना अर्धी सोडून आले होते. जिन्यात रूथच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता, म्हणून ती एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन दाराशी उभी राहिली.

चेअरमन वाईट माणूस नाही. त्यांना भांडण नको होतं. त्यांनी एक कागद पुढे केला आणि तिच्या वडलांना म्हणाले, "साहेब, लिहून द्या ना, वाढदिवस होता, पाहुणे आले होते. विषय क्लोज. कशाला वाढवायचं?" वडलांनी पेन घेतलं. मी मनात म्हणत होते, लिही बाबा, लिही, काय जातं तुझं? मी नाही का म्हटलं, 'आपल्यातलेच'?

तेवढ्यात रूथ बोलली. आवाज चढवला नाही.

"वाढदिवस नव्हता, काका. प्रार्थना होती. बुधवारी परत असेल. इथे नसेल तर दुसरीकडे असेल. पण असेल."

वडलांनी पेन खाली ठेवलं. कोपऱ्यात बसलेले एक म्हातारे गृहस्थ, जे कधीच बोलत नाहीत, त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. आणि मला स्पष्ट दिसलं की माणसं निवळतायत. चेअरमनही जरासे हसले. "मुलगी डेअरिंगवाली आहे हां," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "कदम मॅडम, तुम्ही बरोबर वरती राहता. खरा त्रास झालाच तर तुम्हाला. तुम्ही बोला. तुम्ही म्हणाल तसं करू."

चौदा माणसं माझ्याकडे बघत होती. रूथही. आणि ती — हे मी कसं लिहू — ती हसत होती. काकू आपल्या आहेत, या खात्रीने.

मला फक्त 'नाही, त्रास होत नाही' एवढं म्हणायचं होतं. ख्रिस्ती आहे म्हणून सांगा, असं कोणी म्हणत नव्हतं. पण मला वाटलं, मी बाजू घेतली तर कोणीतरी विचारेल, तुम्हाला का हो एवढा पुळका? आणि मी म्हटलं, "हो. होतो त्रास."

इथे थांबले असते तर भित्री ठरले असते. भित्रेपणाची मला सवय आहे. पण मी थांबले नाही. मी पुढे म्हटलं, "आणि आपल्या इमारतीत हे असलं नकोच."

हे मला कोणी विचारलं नव्हतं. ते वाक्य कुठून आलं? मी अजूनही हादरते. आवाज माझा, तोंड माझं, शाळेत वर्गाला गप्प करायचे तोच ठामपणा. दोन-तीन माना लगेच हलल्या. महिनाअखेर घर रिकामं करायचं ठरलं, घरमालकाला फोन झाला. रूथ हसायची थांबली होती, पण माझ्याकडे बघायची थांबली नव्हती.

आता याहून वाईट सांगते. तुम्हाला वाटत असेल मी घरी येऊन रडले. नाही. मी घरी आले, कुकर लावला, आणि टेबलाशी बसले. दोन वर्षं अडलेलं प्रकरण दुपारी चारच्या आत लिहून झालं. तिर्झा नाक्यावर येते. तिच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला आहे, चप्पल हातात आहे. काल काय केलंस? आणि ती म्हणते, प्रार्थना होती. उद्या परत असेल. इथे नसेल तर दुसरीकडे असेल. पण असेल. लिहिताना माझे डोळे भरून आले. कोणासाठी? तिर्झासाठी! खाली खरी मुलगी आईला काय झालं ते सांगत असेल, आणि मी वर बसून माझ्या कागदावरच्या पोरीसाठी रडत होते. कुकरमधला भात करपला, तेव्हा भानावर आले.

जाण्याआधी रूथ निरोपाला आली होती. म्हणाली, "काकू, आधी बोलला असता ना, तर आम्ही हळू म्हटली असती गाणी. सॉरी हां." तिने मला सॉरी म्हटलं. मी 'अभ्यास कर' म्हणून दार लावलं. ते लोक अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला राहायला गेल्याचं कळलं, तेव्हा मी तिकडच्या आमच्या देवळात जाणं सोडलं आणि कल्याणला जाऊ लागले.

पाचवं पुस्तक आलं. आधीच्या चारही भागांपेक्षा जास्त खपलं. चर्चच्या तरुण संघांमध्ये ते वाक्य पोरं पाठ म्हणतात, मोबाइलच्या स्टेटसला ठेवतात. एका पाळकांनी त्यावर उपदेश दिला आणि मी मागच्या बाकावर बसून तो ऐकला. आजूबाजूच्या बायका डोळे पुसत होत्या.

मग मागच्या महिन्यात छापखान्यातून पत्रांचा गठ्ठा आला. त्यात एक वहीचं पान होतं. अक्षर मी ओळखलं, त्या अक्षरातले ऱ्हस्व-दीर्घ मीच सुधारले होते. ते पत्र आता माझ्यासमोर आहे. तिने लिहिलंय :

'सर, ते वाक्य माझं आहे. चप्पलसुद्धा माझी आहे, आणि डाव्याच पायाची होती. म्हणजे तुम्ही त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ऑफिसात होतात. मला राग नाही आला. कोपऱ्यातले आजोबा तुम्हीच ना? मी कदम काकूंना विचारणार होते, त्या खूप वाचतात, त्यांना कळलं असतं. पण आई म्हणाली, त्यांना परत त्रास द्यायला नको. सर, त्या दिवसानंतर मी खूप महिने घरात प्रार्थनेला बसत नव्हते. मला वाटायचं, एवढ्या माणसांत एकही आपल्या बाजूचं नव्हतं, मग काय उपयोग बोलून? तुमचं पुस्तक वाचलं आणि कळलं, एक जण होतं. म्हणून परत बसायला लागले. थँक यू.'

शिव्या असत्या तर पचल्या असत्या. तिने माझे आभार मानलेत. माझ्या चोरीवर तिने आपला विश्वास परत उभा केलाय, आणि मी हे जे लिहिते आहे ते वाचून तो पुन्हा पडेल की काय, हेही मला माहीत नाही. गप्प राहिले तर तिचं भलं होईल, असं मी महिनाभर स्वतःला सांगत होते. पण गप्प राहिल्याने नेहमी माझंच भलं झालेलं आहे, तेव्हा या कारणावर माझा भरवसा उरला नाही.

रूथ, कोपऱ्यातले आजोबा फक्त आजोबा आहेत. पुस्तक मी लिहिलं, तुझ्या कदम काकूंनी. मी ख्रिस्ती आहे. मला तुमच्या गाण्यांचा एकाही बुधवारी त्रास झाला नाही. त्या खोलीत तुझ्या बाजूचं कोणीही नव्हतं. तू एकटी होतीस, आणि तरी बोललीस.