खतमावशीची सही

'फेकून दे' हे शब्द खतमावशीच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. अलिबागकडच्या खेड्यातून मुंबईला आणि तिथून इथे इस्रायलमध्ये रामल्याला आलेली ही विधवा बाई आमच्याच इमारतीत राहायची. शुक्रवारी दुपारी बाजार उठायच्या वेळी जुनी बाबागाडी ढकलत निघायची आणि सडका कोबी, नासके टोमॅटो, कलिंगडाच्या साली भरून आणायची.

"फेकलं म्हणतेस, पण कुठं गो? जगाच्या भायेर?" ती मला विचारायची.

इमारतीमागच्या ओसाड तुकड्यावर तिने खड्डे खणले होते. त्या खतावर मेथी, मिरच्या, अळू. कपडे धुतलेलं पाणीसुद्धा आळ्यात जायचं. तिने अळूची पानं दिली नाहीत असं एकही घर इमारतीत नव्हतं.

एकदा नगरपालिकेचा इंजिनियर आला. त्याने खत मुठीत घेऊन हुंगलं आणि म्हणाला, "गावभर असे खड्डे करू. तुम्ही जागेसाठी अर्ज द्या." मावशी दोन दिवस हवेत होती. पण हिब्रू तिला वाचता येत नव्हती. अर्ज माझ्या नवऱ्याने, बेंजामिनने लिहिला आणि आमच्या स्वयंपाकघरात तिला मराठीत वाचून दाखवला. "ही जागा खतासाठी मला कायमची मिळावी." मावशीने मराठीत सही केली. मी चहा गाळत होते. कागद समोरच होता. मला हिब्रू वाचता येत होती. मी पाहिलं नाही.

महिन्याभरात बुलडोझर आला. मावशी धावत नगरपालिकेत गेली, सोबत मी. इंजिनियरने कागद पुढे केला. जागा मी सोडते, तिथे गाड्या उभ्या करायला हरकत नाही, असं त्यात लिहिलं होतं. त्या वर्षी इमारतीत तिघांनी गाड्या घेतल्या होत्या. एक आमची.

मी तो तिला मराठीत वाचून दाखवला.

घरी बेंजामिन म्हणाला, "वास यायचा. म्हातारी किती दिवस करणार होती?"

मावशी दारातच उभी होती. "हिब्रूत फसवलं असतंस तर मी काय बोलले नसते," ती म्हणाली. "तू मला मराठीत फसवलंस रे."

ती अश्केलोनला लेकीकडे गेली. काही वर्षांनी एका घरी मलिद्याच्या, आमच्या नवसाच्या विधीला दिसली. मी जवळ बसले. "मावशी, बऱ्या आहात ना?"

"बसेदेर, गव्हेरेत," ती हिब्रूत म्हणाली. ठीक आहे, बाईसाहेब. मग पलीकडच्या बाईकडे वळली आणि मराठीत बोलू लागली.