बाप आलाय, चालंल का?

चिल्हार फाट्यावरून बोईसरला जाणारा रस्ता डोंगराला वळसा घालतो, तिथून अर्ध्या तासाच्या चढणीवर वीस-बावीस घरांचा एक पाडा आहे. जिवल्या तिथलाच. डोंगरउतारावर त्याचा भाताचा आणि नागलीचा एवढासा तुकडा होता. पावसाच्या चार महिन्यांत त्या तुकड्यातून जेवढं निघेल तेवढं काढायचं आणि नंतर मिळेल त्या कामाला जायचं. कधी मनोरला लाकडाच्या वखारीत, कधी गवताच्या गंजी रचायला. काम नसेल तेव्हा तो घरीच असे आणि बांबूच्या कामट्यांचे करंडे विणत बसे. ऐंशी सालानंतर बोईसरच्या कारखान्यांचे ठेकेदार टेम्पो घेऊन फाट्यापर्यंत येऊ लागले. त्यांना बायाच हव्या असत. बाया उलट बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून पाड्यावरच्या बाया पहाटे भाकरी बांधून उतरायच्या आणि दिवस मावळल्यावर परत चढायच्या. मागे राहायचे म्हातारे, पोरं आणि बिनकामाचे पुरुष.

जिवल्याची बायको तानी अशीच एका कारखान्यात खोकी भरायला जायची. त्यांची पहिली मुलगी नलू. जिवल्याची आई भागी घरात होती, पण तिचे गुडघे गेलेले आणि डोळ्यांना अंधुक दिसायचं. नलूला सांभाळायचा तो जिवल्याच. त्याला मात्र आपण पोर सांभाळतो असं कधी वाटलं नाही. आपण करंडे विणतो आणि पोर आपल्याजवळ असते, एवढंच.

अठ्ठ्याऐंशी सालच्या माघात एका सकाळी नर्सबाई पाड्यावर आल्या. शैला त्यांचं नाव. चिंचणीच्या, बागायतवाल्या घरातल्या, पंचविशीच्या. नवीन नेमणूक झालेली. खांद्याला लशीची पेटी लावून एकट्या चढून आल्या होत्या आणि धापा टाकत होत्या. घरोघरी हाक मारली तर कुठे म्हातारं कण्हलं, कुठे कोंबडी उडाली. जिवल्याच्या अंगणात त्या थांबल्या. नलू त्याच्या मांडीवर बसून कामटीचा तुकडा चघळत होती. दहा महिन्यांची होती.

"बाळाची आई कुठाय?" शैलाबाईंनी विचारलं.

"कामाला गेली. बोईसरला."

"कधी येईल?"

"दिवस मावळल्यावं."

शैलाबाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "मग तिला सांगा, पुढच्या बुधवारी बाळाला उपकेंद्रात घेऊन ये म्हणावं. गोवराची लस द्यायचीय. विसरू नका हं."

"सांगतो," जिवल्या म्हणाला.

त्याने पाणी दिलं, ते पिऊन शैलाबाई उतरून गेल्या. पेटीतली लस पेटीतच राहिली.

जिवल्याने निरोप चोख सांगितला. तानीने ठेकेदाराकडे बुधवारची सुट्टी मागितली. तो म्हणाला, "बुधवारी नाय आलीस तर गुरुवारी बी येऊ नको." तो बुधवार गेला, पुढचाही गेला. मग कारखान्यात माल जास्त आला आणि ती गोष्ट मागे पडली.

चैत्रात पाड्यावर गोवर आला. पाच पोरांना निघाला. चौघं तापून, सोलून उठली. नलू मात्र उठेना. अंगावरचं पुरळ मावळलं, पण छाती भरली आणि श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. सातव्या दिवशी जिवल्या तिला खांद्यावर टाकून मनोरच्या डॉक्टरकडे धावत निघाला, तानी मागून. मनोर अजून कोसभर लांब होतं तेव्हा खांद्यावरची घरघर थांबली. दोघं रस्त्याच्या कडेला बसली. एक ट्रकवाला थांबला, काय झालं विचारलं, आणि कुणी उत्तर देईना म्हणून निघून गेला.

शैलाबाई पुढच्या फेरीला आल्या तेव्हा भागीने त्यांना सांगितलं. त्या ओट्याच्या कडेला बसल्या. पेटी त्यांनी मांडीवर धरली होती. जिवल्या घरात होता. बाहेर आला नाही.

आपलं काय चुकलं ते त्याला कळलं वैशाखात. पावसाआधी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात, पालापाचोळा पसरून त्यावर माती टाकून पेटवतात. जिवल्या एकटाच काठीने आग सारखी करत होता. आणि अचानक त्याला ती माघातली सकाळ दिसली. बाई उभ्या, पेटी त्यांच्या खांद्याला, आणि पोर? पोर तर आपल्याच मांडीवर! बाईंनी विचारलं आई कुठाय, आणि आपण सांगितलं आई कामाला गेली. अंगणात लस होती, नलू होती, मोठी माणसं दोन होती. आपणही म्हणालो नाही की द्या इथंच. बाईही म्हणाल्या नाहीत. आणि पुढचे ते बुधवार आपण कुठे होतो? घरीच होतो. करंडे विणत होतो. उपकेंद्र तासाभराच्या वाटेवर. शेवटी पोर खांद्यावर घेऊन मनोरची वाट धरलीच ना आपण?

आग त्याच्या पायाशी आली तेव्हा तो भानावर आला.

हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. तानीलाही नाही. तानी तर नलूचं नावच घेत नसे.

पुढच्या वर्षी भात कापणीच्या दिवसांत दुसरी मुलगी झाली. जानू. अडीच महिन्यांची झाली तसा टेम्पो पुन्हा तानीला न्यायला लागला. भागी नातीला शेळीचं दूध चमच्याने पाजायची. आणि एका बुधवारी सकाळी जिवल्याने तानीचं जुनं लुगडं घेतलं, त्याची झोळी करून गळ्यात अडकवली आणि जानूला तिच्यात ठेवलं.

भागीने चाहुलीवरून ओळखलं, तो पोरीला घेऊन निघालाय. "कुठं रं?"

"उपकेंद्रावं. सुई द्यायला."

"तू?" भागी हसली आणि मग घाबरली. "अरं, बायांचं काम ते. लोक काय म्हनतील? तानीला येऊ दे."

"तानीला कदी सुट्टी मिळनार नाय, आई."

वाटेत ताडीच्या झाडाखाली चिंतू आणि आणखी दोघं बसले होते. चिंतू त्याचा शेजारी, लहानपणापासूनचा दोस्त. झोळी बघून तो ओरडला, "जिवल्या, पोरीला दूध बी तूच पाजतोस काय रं?"

"पाजतो," जिवल्या न थांबता म्हणाला. "शेळीचं."

ते तिघं हसले. जिवल्याला परत फिरावंसं वाटलं, पण फिरायचं तर त्यांच्याच समोरून जावं लागणार होतं. तो पुढे चालत राहिला.

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. पडवीत पंधरा-वीस बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. आत स्टोव्हवर सुया उकळत होत्या. जिवल्या पायरीपाशी आला तशा बाया सावरून बसल्या, पोरं पाजणाऱ्यांनी पदर ओढले आणि बोलणं बंद झालं. कुठे बसावं हे त्याला कळेना. तो अंगणात उन्हात उभा राहिला, झोळीवर टॉवेल धरून. जानू रडायला लागली. तो हलला, डोलला, "नाय नाय" म्हणाला. काही उपयोग झाला नाही. शेवटी काशीबाई नावाच्या एका वयस्क बाईला राहवेना. ती सुनेच्या बरोबर आली होती. ती म्हणाली, "अरे, आडवी काय धरलीस भोपळ्यासारखी? उभी धर, खांद्याला लाव." त्याने तसं केलं. जानू ढेकर देऊन गप्प झाली. दोन बाया तोंडावर पदर धरून हसल्या, पण त्या हसण्यात ताडीखालचं हसू नव्हतं.

नंबर आला. शैलाबाईंनी खाली बघतच विचारलं, "बाळाची आई कुठाय?"

"आई कामावं हाय," जिवल्या म्हणाला. "बाप आलाय. चालंल का?"

शैलाबाईंनी वर पाहिलं आणि त्याला ओळखलं. हातातली पेन्सिल तशीच राहिली. मागच्या बाया माना उंच करून बघायला लागल्या.

"चालेल," त्या म्हणाल्या. मग आणखी हळू, "तेव्हाही चाललं असतं. मीच विचारलं नाही."

"मी तरी कुटं सांगितलं," जिवल्या म्हणाला.

त्यांनी जानूच्या तोंडात पोलिओचे थेंब टाकले, मांडीत सुई दिली, ताप आला तर द्यायला गोळीचा चतकोर कागदात बांधून दिला. जानूने जो टाहो फोडला तो परतीच्या अर्ध्या वाटेपर्यंत चालू होता.

संध्याकाळी तानी आली, तोवर पोर तापली होती आणि मांडीला गाठ आली होती. तानीने गाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "ह्ये काय?" जिवल्याने सांगितलं. तिने जानूला उचलून छातीशी धरलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मग तिने विचारलं, "मंग तदी का नाय नेलंस? नलूला?"

पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा तिने ते नाव घेतलं होतं. भागीही चुलीपाशी थांबली.

जिवल्याला खोटं बोलता आलं असतं. वाट लांब होती, अंगात बरं नव्हतं, असं काहीही. "माज्या डोक्यातच आलं नाय," तो म्हणाला. "पोर माज्याजवळ होती, मला कामबी नव्हतं. तरी डोक्यात आलं नाय. तू नेशील असं वाटलं."

तानी रडली. ओरडलीही. "मी कुटनं नेनार होते? मी तितं उभी होते सात ते सहा! रोज वाटायचं, आज सुट्टी घेते, उद्या घेते." जिवल्याने ऐकून घेतलं. त्या संध्याकाळी कुणी नीट जेवलं नाही. पण त्यानंतर त्या घरात नलूबद्दल बोलता येऊ लागलं. ती कामटी कशी चघळायची, हे तानीला माहीतच नव्हतं. ते तिला जिवल्याने सांगितलं.

टेम्पोत बाया एकमेकींना सगळं सांगतात. महिन्याभरात चिंतूची बायको मंदा तानीला म्हणाली, "तुजा नवरा नेतोच हाय तर माज्या धाकट्या पोराला बी नेईल का?" तानीने घरी विचारलं. जिवल्याने दोन दिवस विचार केला आणि नाही म्हणाला. तानी चिडली, "एका पोराचा काय भार होनार तुला?"

"भार नाय. पन मी नेला तर चिंतू ताडीखालीच बसून राहील."

तो स्वतःच चिंतूकडे गेला. चिंतूने आधी थट्टा केली, मग शिवी दिली, मग म्हणाला, "अरे, लोक बायको म्हनतील मला."

"मला म्हनाले. तूच म्हनालास," जिवल्या म्हणाला. "मी मेलो का? माजी पोर मेली, चिंतू. तुजा पोरगा गोवरातून उठला तो नशिबानं. हा दुसरा हाय."

चिंतू त्या बुधवारी आला, पण वाटेने आला नाही. पोराला टॉवेलात गुंडाळून करवंदीच्या जाळ्यांमधून, ओहोळाच्या कडेने लपतछपत आला आणि उपकेंद्रात पोचला तेव्हा दोन्ही पोटऱ्या ओरबाडलेल्या होत्या. शैलाबाईंनी पोराला लस दिली आणि बापाच्या पायाला जांभळं औषध लावलं. पुढच्या महिन्यात तो सरळ वाटेने आला. नंतर पाड्यावरचाच सुका आला, मग आणखी दोघं. पडवीच्या एका टोकाला पुरुष बसू लागले. त्यांच्या तिथे तापाच्या गोळीवरून, शेळीच्या दुधात पाणी किती घालायचं यावरून वाद होत आणि काशीबाई लांबूनच त्यांच्या चुका काढी.

सगळेच आले असं नाही. तीन-चार घरांतून कुणी कधीच आलं नाही. एकाने जिवल्याला तोंडावर सांगितलं की हे बायकी चाळे पाड्यात नकोत. शैलाबाईंनीही आपली रीत बदलली. पाड्यावर गेल्या की त्या आता विचारायच्या, "बाळाला कोण सांभाळतंय?" आणि जो कोणी पुढे येई त्याच्या मांडीवर, ओट्यावरच लस देऊन मोकळ्या होत. त्यांच्या वरिष्ठांनी एकदा नोंदवही बघून विचारलं, आईच्या अंगठ्याऐवजी इथे बापाचा का? त्या म्हणाल्या, "पोर त्याच्याजवळ होतं म्हणून." जानू नऊ महिन्यांची झाली तेव्हा तिला गोवराची लस मिळाली. त्या दिवशी जिवल्या घरी येऊन दुपारभर झोपला, आजारी माणसासारखा.

एक्याण्णव सालच्या फाल्गुनात जानूचा दीड वर्षाचा डोस होता. नेमका त्या बुधवारी कारखाना बंद होता. काहीतरी यंत्र बिघडलं होतं. तानी म्हणाली, "मी पन येते." बायको बरोबर आहे म्हणून जिवल्या नवा सदरा घालून निघाला. जानू आता झोळीत मावत नव्हती. पुढे पुढे धावायची आणि दमली की कुणाच्याही पायाला मिठी मारायची.

पडवीत तानी बिचकून उभी राहिली. तिला तिथलं काहीच माहीत नव्हतं. कोण कोणाच्या मागे, कार्ड कुणाकडे द्यायचं, चपला कुठे काढायच्या. काशीबाईने विचारलं, "ही कोन रे, जिवल्या?" तो म्हणाला, "जानूची आई." तेव्हा बाया सरकल्या आणि तिला जागा करून दिली.

आत गेल्यावर तानीने जानूला मांडीवर घेतलं. शैलाबाईंनी सुई काढली. "मला नाय बघवत," तानी म्हणाली.

"बघू नको तू," जिवल्या म्हणाला. "तू फकस्त तिचे हात धर, घट्ट नको. पाय मी धरतो. आनि तिच्याशी बोलत रहा, काय बी बोल."

"काय बोलू?"

"शेळीचं बोल. तिला शेळीचं आवडतं."

तानीने मान वळवली, डोळे मिटले आणि पोरीच्या कानाशी तोंड नेऊन शेळीबद्दल बोलायला लागली.