बाजेवरून माहेरी

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात माझ्या लग्नाला सहा महिने झाले होते. भोकरदनच्या बसस्टँडजवळ मालकांचं पंक्चरचं दुकान होतं. आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणायची रीत. मी एकोणीस वर्षांची, ते तेवीसचे. त्या शब्दाचं आम्हा दोघांनाही हसू यायचं. दुकान म्हणजे चार पत्रे, हवा भरायची मशीन, पाण्यानं भरलेली लोखंडी टाकी आणि खिळ्यांना टांगलेल्या जुन्या ट्यूबा.

भादव्यात तीन दिवस पावसानं उसंत दिली नाही. केळणा दोन्ही काठ धरून वाहायला लागली. चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, पूर ओसरायला लागला. पण जाफराबादच्या रस्त्यावर फरशीच्या पुलावरून पाणी जातच होतं आणि गाड्या बंद होत्या. त्या दिवशी मी दुपारचा डबा घेऊन दुकानावर गेले, तर माझ्या माहेरचा एक माणूस बाकड्यावर बसलेला. गुडघ्यापर्यंत चिखल. ओढे-नाले ओलांडत दीड दिवस चालत आला होता.

मला पाहून म्हणाला, "ताई, तुमच्या थोरल्या बहिणीला जुळ्या पोरी झाल्या. तिन्ही जिवाचं बरंय."

माझ्या हातातला डबा पडायचाच बाकी राहिला. आठ वर्षं बहिणीनं वाट पाहिली होती. तिचं बाळंतपण माहेरीच, नदीकाठच्या आमच्या गावी होतं. आणि मी इथं, पंचवीस किलोमीटरवर, अडकून पडलेली.

"गाडी कवा चालू होणार?" मी मालकांना विचारलं.

"डेपोवाले म्हणत्यात, अजून दोन-तीन रोज." ते टाकीत ट्यूब बुडवून बुडबुडे पाहत होते. हसत म्हणाले, "गंमत बघ. इथून जाणारं पाणी तुझ्या बापाच्या मळ्याला बराबर जाऊन लागतं. पाणी फुकट जाऊन राह्यलं अन् आपण इथं बसून राह्यलो."

ते चेष्टेनं बोलले होते. पण मी वर टांगलेल्या ट्यूबांकडे पाहिलं.

"मंग आपण बी जाऊ."

"कशावर?"

मी बोट दाखवलं. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाच्या दोन ट्यूबा होत्या, माझ्या छातीएवढ्या. मालकांनी आधी ट्यूबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचे डोळे असे चमकले की मला कळलं, आता हा माणूस मागं हटत नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी ट्यूबांना ठिगळं लावली. माझा बेत असा होता की ट्यूबांवर घरातली जुनी सुंभाची बाज उलटी न टाकता सरळ बांधायची, म्हणजे वर बसायला मोकळी जागा. जुन्या सायकलट्यूबा कापून त्यांनी लांब पट्ट्या केल्या आणि बाजेचे चारी पाय ट्यूबांना करकचून आवळले. ढकलायला एक बांबू घेतला, वल्हं म्हणून फळीचा तुकडा. किती वेळ लागेल याचा हिशेब आम्ही असा केला की पाणी सायकलएवढ्या वेगानं वाहतंय, म्हणजे दोन तासांत पोचू. नदी वळणं घेत जाते, रस्ता पंचवीस किलोमीटर असेल तर नदी किती असेल, वाटेत काय काय असेल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

सासूबाईंना सांगितलं, जाता येतंय का बघतो. त्यांनी बाळांसाठी मऊ जुन्या लुगड्याचं एक झबलं आधीच शिवलं होतं. जुळ्या म्हटल्यावर बसल्या बसल्या दुसरं शिवलं, आणि खारीक-खोबऱ्याची पुडी बांधून दिली. ते सगळं मी खताच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट आवळलं.

सकाळी सात वाजता गावाबाहेर, धुणं धुवायच्या खडकापासून आम्ही बाज पाण्यात लोटली. मी पदर खोचून आधी चढले. मालकांनी पँट वर दुमडली, बाज धरली आणि पाण्यात उभे राहून क्षणभर नदीकडे पाहतच राहिले.

"काय झालं?"

"काय न्हाई." एकदम उडी मारून ते वर आले.

आणि आम्ही निघालो! आजही ते आठवलं की पोटात गुदगुल्या होतात. बाज एकदा गर्रकन फिरली, मग धारेला लागली आणि काठावरची झाडं मागं पळायला लागली. सुंभातून पाणी वर उसळत होतं. दोन्ही बाजूंना धुतल्यासारखी हिरवी बाजरी, कपाशी, मध्येच ओल्या मिरचीचा वास. एका वळणावर म्हशी धुणारा म्हातारा आम्हाला पाहून उभाच राहिला.

"अरे, कुठं चालला रे?" तो ओरडला.

"सासुरवाडीला!" मालकांनी दोन्ही हात वर करून सांगितलं. मी हसून हसून आडवी झाले. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघंच कुठं तरी निघालो होतो. घरात मोठ्यानं बोलायची चोरी, आणि इथं मी उघड्या नदीवर केस सोडून ओरडत होते. ऐकायला फक्त बगळे.

दोन तास झाले, तीन झाले. माहेरच्या काही खुणा दिसेनात. नदी कधी सूर्याकडे जाई, कधी सूर्य पाठीशी घेई. जवळची भाकरी संपली. प्यायचं पाणी घेतलंच नव्हतं. चहूकडे गढूळ पाणी आणि घसा कोरडा. तरी गंमत काही कमी झाली नव्हती.

मग आवाज आला. आधी लांबून गिरणी चालल्यासारखा, मग मोठा. वळण संपलं तसं समोर दिसलं. नदीत आडवी दगडी खांबांची रांग, खांबांच्या मधून पाणी धडाधडा पलीकडे कोसळत होतं.

"बंधारा!" मी ओरडले. "काठाला घ्या, जल्दी!"

मालकांनी बांबू खाली घातला. सगळा बांबू आत गेला तरी तळ लागेना. मी पालथी पडून फळीनं पाणी मारलं, पण बाज सरळ खांबांकडे ओढली जात होती. आडवी गेली असती तर खांबांवर आपटून तिथंच चिकटली असती. मी म्हणाले, "सरळ करा! डोकं पुढं!" त्यांनी बांबू एका खांबाला टेकवून जीव खाऊन रेटा दिला. बाज फिरली. बांबू हातातून उडाला. दोन खांबांच्या मधून आम्ही असे घुसलो की डावीकडचा दगड माझ्या कोपराला खरचटून गेला. मग पुढचं टोक खाली, डोक्यावरून पाणी. आणि धप्पकन आम्ही खाली, तरंगत.

बाजेचा एक पाय मोडला होता. पिशवी होती. मालक होते. त्यांनी बाजेचं लाकूड अशा जोरानं धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मी एकदम हसत सुटले. भीती की आनंद, मला सांगता येणार नाही. तेही हसले, पण त्यांचे ओठ निळे होते.

खरं संकट त्यानंतर आलं, आणि तेही अगदी शांत पाण्यात. पुरानं वाहून आणलेली एक बाभळ पाण्याखाली आडवी पडलेली होती. तिची फांदी ट्यूबेला घासली आणि बारीक आवाज आला. फुस्स. तो आवाज आमच्या घरात सगळेच ओळखत होते.

"पंक्चर," मालक म्हणाले.

"मंग लावा की ठिगळ."

त्यांनी खिसे चाचपले.

"सामान कुठंय?"

"दुकानात."

भोकरदनचा पंक्चरवाला ट्यूबांवर बसून निघाला होता आणि कात्री, रबर, सोल्युशन, पंप सगळं दुकानात! त्यांनी छिद्रावर अंगठा दाबून धरला. पण काटे एकापेक्षा जास्त लागले होते. डावी बाजू हळूहळू बसायला लागली, बाज कलली. काठ लांब नव्हता, चाळीस-पन्नास हात असेल.

मी पदर कमरेला गुंडाळत म्हणाले, "सोडून द्या बाज. पोहत जाऊ. ही धार काही मोठी न्हाई."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही.

"मला पवता येत न्हाई," ते म्हणाले.

"काय?"

"बिलकुल येत न्हाई. लहानपणी हिरीत पडल्तो. तवापासून पाण्यात न्हाई गेलो."

सहा तास हा माणूस पुराच्या पाण्यावर माझ्याबरोबर हसत बसला होता. मला रागच आला. "मंग काल का न्हाई बोलले?"

"तू इतकी खुश होतीस," ते म्हणाले. "अन् तुला बहिणीकडं जायचं होतं."

रडायला वेळ नव्हता. मी नदीकाठची पोर, म्हशीचं शेपूट धरून पोहायला शिकलेली. चांगली ट्यूब अजून टणक होती. तिच्या पट्ट्या सोडायला गेले तर ओल्या रबराच्या गाठी सुटेनात. मी दातांनी ओढल्या. एक तुटली, दुसरी तुटली. मालकांना म्हणाले, "हिच्या मधोमध शिरा, दोन्ही हात वरून टाका. काहीही झालं तरी सोडायचं न्हाई. पाय मारायचे न्हाईत. फक्त धरायचं." त्यांनी लहान मुलासारखं ऐकलं. पिशवी मी त्यांच्या गळ्यात अडकवली आणि ट्यूब ढकलत पोहायला लागले.

आमच्या मागं बाज एका अंगावर होऊन निघून गेली.

धार मला वाटली होती त्यापेक्षा ओढाळ निघाली. मी काठाकडे पोहत होते आणि काठ नुसताच बाजूनं सरकत होता. पातळ पायांत गुंडाळलं. दम लागला. तेवढ्यात वर मिरचीच्या रानातून एक बाई ओरडली, "अवो, माणसं! पाण्यात माणसं!" तिचा नवरा धावत आला. त्यानं क्षणात खोपटातून जुना जाडजूड नाडा आणला, मोट चालायची तेव्हाचा. तो काठानं आमच्या पुढं पळाला, एका निंबाला टोक बांधलं आणि दुसरं आमच्या दिशेनं फेकलं. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा नाडा माझ्या खांद्यावर सपकन बसला, वळ आठवडाभर राहिला. मी तो मनगटाला गुंडाळला. दुसऱ्या हातानं ट्यूब धरली. नवरा-बायकोनं दोघांनी मिळून आम्हाला ओढून घेतलं.

चिखलात पडल्या पडल्या मी पाहिलं. मालकांनी ट्यूब अजून सोडली नव्हती. "सोडा आता," मी म्हणाले. ते म्हणाले, "तू काहीही झालं तरी सोडू नको म्हणल्तीस."

त्या बाईनं आधी आम्हाला मनसोक्त शिव्या दिल्या. "अक्कल हाय का तुम्हाला? नवी नवरी दिसतीस अन् हे धंदे?" मग मला तिचं नेसायचं दुसरं लुगडं दिलं, मालकांना धोतर, आणि दोघांना चुलीवरचा गुळाचा चहा. आमचं गाव तिथून दोन कोसच राहिलं होतं. चिखलातून, पायांत चपला नाहीत, कारण त्या नदीत गेल्या होत्या, असे आम्ही दिवस कलायच्या सुमारास माहेरच्या अंगणात शिरलो.

आईनं मला आधी ओळखलंच नाही. ओळखल्यावर तिनं एकदम विचारलं, "गाड्या चालू झाल्या?"

"न्हाई," मी म्हणाले. "नदीनं आलो."

वडील बाजेवर बसले होते. ते उठून उभे राहिले. मी तशीच आत गेले. खोलीत शेगडीचा उबदार धूर होता. बहिणीच्या दोन्ही अंगांना दोन गाठोडी. एक झोपलेली, दुसरी टक्क जागी, मूठ तोंडात. पिशवी उघडली तर झबली कोरडी होती. बहिणीनं माझे ओले केस पाहिले, खरचटलेलं कोपर पाहिलं आणि माझा हात धरून रडायला लागली. मग मीही रडले. त्या दिवसात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी जावयाला मळ्यातल्या विहिरीवर नेलं. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि म्हणाले, "मारा उडी." मालक पायरीवर बराच वेळ उभे होते. विहिरीच्या कठड्यावर निम्मं गाव जमलं होतं. मी वरून पाहत होते. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि उडी मारली. वर आले तेव्हा नाकातोंडातून पाणी काढत ओरडले, "आणखी एक!" तीन दिवसांत डबा निघाला.

गाड्या सुरू झाल्यावर आम्ही परत आलो. बातमी आमच्या आधीच भोकरदनला पोचली होती. सासूबाई दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. मालक दुकानावर जाऊन बसायचे, मी चुलीपाशी. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या सूप घेऊन मूग निवडायला बसल्या आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "पोरी कशा हायेत?"

मी सांगितलं. एक गोरी, एक सावळी, झबली दोघींना बराबर बसली.

त्यांनी सूप एकदा पाखडलं.

"अन् पाणी लई होतं?"

मी सुरुवातीपासून सांगायला लागले. ट्यूबा, बाज, म्हशीवाला म्हातारा. सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या. बंधाऱ्याचा आवाज आला, बांबूला तळ लागेना, इथपर्यंत मी आले तेव्हा त्यांचे हात सुपात थांबले.

"मंग?" त्या म्हणाल्या.