टायरवरचा पाच

टायरवर पाच लिहिलं होतं. मी पस्तीस भरायला सांगितले. पाचाच्या आधीचा तीन घासून गेला असावा असा निष्कर्ष मी काढला, कारण माझ्या मोटारीला बत्तीस लागतात आणि ही गाडी तर टेकडी चढणार होती. पिंपळगाव बसवंतच्या पंपावर हवा भरणाऱ्या माणसानं आधी टेम्पोवर चढवलेल्या गाडीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "पस्तीस? नक्की?" मी त्याला सांगितलं, सातपूरच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं प्रेशर गेज तपासतो आहे. त्यानं नळी लावली.

गाडी म्हणजे एटीव्ही (चार फुगीर चाकांची, हँडलवर चालणारी गाडी, डांबरी रस्त्यावर हिला परवानगी नाही, माळावर मात्र मोकळीक). पिंपळगावच्या एका द्राक्षवाल्यानं हौसेनं घेतलेली, दोन माणसं बसतील अशी. का विकताय विचारलं तर म्हणाला, "घरात कोणी बसत नाय." का बसत नाहीत, हे मी विचारलं नाही.

माझी सासुरवाडी सिन्नरच्या पलीकडे. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून अकरा महिने ते वरच्या मळ्यात गेले नव्हते. मळा टेकडीमागे, घरातून दिसत नाही. वाट मुरमाची, ट्रॅक्टर जाईल एवढी रुंद नाही, आणि मोटरसायकल घसरते. खाटेवर घालून नेऊ म्हटलं तर मामा तयार नव्हते. खाटेवरून माणूस एकदाच जातो, असं त्यांचं म्हणणं. वर विहिरीच्या काठाला एक जांभूळ होतं, माझी बायको सुनंदा जन्मली त्या वर्षी त्यांनी लावलेलं. वर जाऊन आलेल्या प्रत्येकाला ते विचारत, जांभूळ कसं हाय? प्रत्येक जण सांगे, हिरवंगार. दिवाळीत मीही तेच सांगितलं. तेव्हा ते हळूच म्हणाले, "मला एकदा वर नेता येईल का, जावईबापू?" लग्नाला वीस वर्षं झाली, त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

सुनंदाला घ्यायला टेम्पो सातपूरला थांबवला आणि गाडीला थोडं सजवून घेतलं. पुढे लाईटची लांब पट्टी, मोबाईलचा स्टँड, पाण्याच्या बाटलीसाठी कडं आणि दोन सुरांचा हॉर्न. सुनंदा भाजीची पिशवी घेऊन आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "आणि टायरला काय केलं?"

"हवा भरली," मी म्हणालो.

ती टेम्पोत जाऊन बसली.

मोहदरी घाटात प्रत्येक खड्ड्याला टेम्पो एकदा उडे आणि वरची गाडी दोनदा. ड्रायव्हरनं दोन वेळा थांबून दोर आवळले. दोन्ही वेळा तो टायरकडे बराच वेळ बघत उभा राहिला. मला वाटलं, त्याला गाडी आवडली आहे.

सासुरवाडीत जावयाची चूक कोणी काढत नाही. हा तिथला नियम आहे, आणि वीस वर्षं मला तो माझा गुण वाटत आला आहे. गाडी अंगणात उतरली तेव्हा मामा धुतलेलं धोतर आणि नवी टोपी घालून ओट्यावर तयार बसले होते. त्यांनी काठीनं टायरवर टकटक केली. टण्ण वाजलं. मामांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "मजबूत हाय," ते म्हणाले. शेजारपाजारची माणसं आली, एकेकानं अंगठ्यानं टायर दाबून पाहिलं, कोणाचाच अंगठा आत गेला नाही, आणि सगळ्यांनी हॉर्नचं कौतुक केलं.

आधी जेवण झालं. शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेल्या) आणि बाजरीची भाकरी. मग मामांना बसवण्याआधी वाट बघून येतो म्हणून मी एकटा निघालो. मुरमावर गाडी चालली नाही, उड्या मारत गेली. माझे दात एकमेकांवर आपटत होते आणि स्टँडमधला मोबाईल पहिल्याच वळणावर निवडुंगात गेला. बाभळीपाशी उजवं पुढचं चाक बसलं. ते बघायला उतरलो तेवढ्यात डावं मागचंही.

मी पायी परत आलो. सगळ्यांनी एकमतानं बाभळीला शिव्या दिल्या. मामा म्हणाले, "आज नसंल जमत तर ऱ्हाऊ द्या. मला काय आजच जायचं नाय." टोपी मात्र त्यांनी काढली नाही.

दोन चाकं काढून मी वडाप जीपनं (माणशी भाडं घेऊन गच्च भरून जाणारी) सिन्नरला गेलो. बसस्टँडजवळ एक म्हातारे पंक्चरवाले आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. हवा किती होती, त्यांनी विचारलं; मी पस्तीस सांगितलं. टायरवरचा आकडा वाचून त्यांनी चश्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पाचच्या टायरात हवा कोणी भरली एवढी? फुटलं नाय हे नशीब. कोण येडा होता?"

"पिंपळगावच्या पंपावरचा," मी म्हणालो. त्या माणसाची मी इथं माफी मागतो.

अण्णांनी काटे उपटले, भोकांत रबराच्या वाती ठोकल्या आणि काम करता करता मला शिकवलं. हवा कमी असली की टायर दगडावर पसरतं. कडक असलं की सगळा भार एका काट्यावर येतो. हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजायची, आणि त्याला लहान आकड्यांचा गेज लागतो, मोटारीचा चालत नाही. ज्याचं आयुष्य गेजमध्ये गेलं त्यानं हे मान खाली घालून ऐकलं. तरीही काटे लागणारच, म्हणून व्हॉल्व्हमधून चाकात पंक्चरचं लिक्विड सोडायचं. ते आतून फिरत राहतं आणि भोक पडलं की तिथं जमतं. वाती आणि हातपंप सीटखाली कायम ठेवायचे. टायर झिजली की जाड थराची घ्यायची, आणि काही लावायचंच असेल तर इंजिनाखाली पत्रा लावायचा, दगडासाठी. मी लाईटच्या पट्टीचं विचारलं.

"रात्री जाणार का माळावर?"

"नाही."

अण्णांनी पुढचं चाक उचललं. मग त्यांनी गाव विचारलं. मी मामांचं नाव सांगितलं, तसे ते उठून उभे राहिले, स्टूल फडक्यानं पुसलं आणि चहा मागवला. "त्यांचे जावई व्हय तुम्ही? मग पंपवाल्याचीच चूक. लय बेकार माणसं."

ऊन उतरायच्या आत परतलो. चाकं बसवली, उरलेल्या दोन चाकांतही लिक्विड सोडलं, अण्णांकडून आणलेल्या लहान गेजनं मोजून चारींत पाच भरले. गाडी जरा बसल्यासारखी दिसू लागली. मामांनी पुन्हा काठी मारली. आवाज आला नाही. "आता बरं," ते म्हणाले.

"म्हणजे मघाशी तुम्हाला कळलं होतं?"

"काठीलाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"जावयाला कसं बोलायचं?"

ते मागे बसले, काठी मांडीवर आडवी. या खेपेला गाडी दगडावरून ओघळल्यासारखी गेली. बाभळीखालून गेलो आणि काही झालं नाही. टेकडी ओलांडली, विहीर दिसली, आणि विहिरीच्या काठाला जांभळाचं वाळून कोळ झालेलं खोड. वाळवीनं सालसुद्धा ठेवली नव्हती. मामा उतरले. खोडाला हात लावला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"हिरवंगार म्हणाला होता."

"हो, मामा."

ते विहिरीच्या कठड्यावर बसले, पाण्यात वाकून पाहिलं. "हवेचं मी बोललो नाय, झाडाचं तुम्ही बोलला नाय," ते म्हणाले. "चला. पुढल्या खेपेला रोप घेऊन या. खड्डा मी दाखवतो."

गाडी मामांच्या अंगणातच ठेवली. परतीच्या वाटेवर एसटीत हे सगळं मी सुनंदाला सांगितलं, पंपावरच्या माणसासकट. झाडाचं कोणी बोलू नका, असं तिनंच सगळ्यांना बजावलं होतं. मोहदरी घाट उतरल्यावर तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली.

"त्या घरात तुम्ही जावई आहात," ती म्हणाली. "आपल्या घरात नाही. रोप न्यायचं त्या दिवशी हवा मी बघणार."