आसेगावचे पांढरे गोटे

काही घरांत रद्दी साठते, आमच्या घरात फजित्या साठतात! रद्दी निदान विकता तरी येते. मी शाळेत विज्ञान शिकवते, मंगरूळपीरला राहते, आणि घरात फिश टँक आल्यापासून गल्लीतून मान वर करून चालणं मला जमत नाही. आता विचारताच आहात तर सांगते. हसा, पण बाहेर बोलू नका!

टँक आणला तो आबांसाठी. आबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्या आणि विनोदनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्यांना आसेगावहून आमच्याकडे आणलं. ज्या माणसाची हाक शिवारभर ऐकू जायची, तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. नुसता रिकामा टँक घरात आला आणि आबांनी आपल्या हातानं खुर्ची वळवली. तेव्हाच ठरलं, काहीही होवो, हा टँक बंद पडू द्यायचा नाही.

*

तळाला घालायला पहिल्यांदा बाजारातून निळी खडी आणली. का? तर गोड दिसली! आधी बादलीत भिजवून रंग सुटतो का ते पाहायला नको? विज्ञानाची बाई ना मी! थेट ओतली. सकाळी पाणी निळंशार! नशीब, मासे अजून आणायचे होते.

शेजारची नंदा दारातूनच ओरडली, "मॅडम, भीमजयंतीले तं अजून लय टाइम हाय!"

अख्खी गल्ली हसली. मी तोंड लपवत बादल्या उपसल्या. पण आबाही हसले, सासूबाई गेल्यावर पहिल्यांदा. म्हणून तेवढी लाज मी पचवली.

*

मग मात्र मी ठरवलं, परीक्षा घेतल्याशिवाय एक खडा आत जाणार नाही. खड्यात चुना असला तर पाणी जड होतं आणि आम्हाला हवे होते ते नाजूक मासे टिकत नाहीत. ओळखायचं सोपं आहे. खड्यावर आंबट टाकायचं, बुडबुडे आले की नापास. व्हिनेगर आमच्या घरात कुठलं? पण लिंबं होती.

कोपऱ्यावर गजाननभाऊंच्या घराचं बांधकाम चालू होतं. त्यांचा गावाबाहेर भाजीचा मळा आहे, माणूस सज्जन. त्यांच्या रेतीच्या ढिगात छान गोल खडे दिसले. म्हटलं, इथंच तपासू आणि पास झालेले तेवढेच मागू. कापलेली लिंबं घेऊन मी उकिडवी बसले आणि एकेका खड्यावर पिळत पुटपुटत राहिले, "पास... नापास... पास..."

मागून आवाज आला, "मॅडम, काय करून राह्यल्या?"

गजाननभाऊ! हातात नारळ! त्या दिवशी अमावस्या होती, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. आणि नुकतंच मी शाळेच्या पालकसभेत करणी, भानामती सगळं थोतांड आहे म्हणून घसा फोडून भाषण दिलं होतं. ते पहिल्या रांगेत बसून माना डोलवत होते.

"भाऊ, मी... दगड तपासून राह्यली!"

त्यांनी लिंबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फार दुःखानं म्हणाले, "मॅडम, तुमीबी?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला! विनोद जाऊन समजावून आला आणि पास झालेले खडेही मागून घेऊन आला. तरी त्यांची बायको स्लॅब पडेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

*

विनोदची तऱ्हा वेगळी. "जंतू मेले पायजे," म्हणून त्यानं पास झालेले खडे उकळायला घातले, तेही वरणाच्या कुकरमध्ये! नेमकी त्याच दुपारी नणंद आली, भुकेली. तिनं झाकण काढून पळी फिरवली.

"वहिनी," ती गंभीरपणे म्हणाली, "डाळ कच्चीच राह्यली वाटते!"

*

आता शेवटचा किस्सा. हा सांगताना अजून मान खाली जाते.

मासे आले. आबा त्यांच्याशी बोलायला लागले, मग आमच्याशी. एक दिवस एसटीनं आसेगावला गेले आणि पिशवी भरून पांढरे गोटे घेऊन आले. "तुह्या सासूनं ज्या नाल्यावर धुणं धुतलं, त्या नाल्यातले हायत," म्हणाले. स्वतः धुतले, गच्चीवर वाळवले, टँकमध्ये मांडले. मी चोरून एकावर लिंबू पिळलं. बुडबुडेच बुडबुडे!

सांगायचं कसं? गोटे तसेच राहू दिले. आठवडाभरात मासे सुस्तावले, एक मेला. आबा तो ओंजळीत घेऊन उभे. "माह्या हातानं काईच जगत नाई, पोरी," म्हणाले. आणि खुर्ची परत भिंतीकडे वळली.

रविवारी आबा विहारात वंदनेला गेले. तेवढ्यात आम्ही नवराबायकोनं गोटे बदलले. गजाननभाऊंच्या मळ्यातून हुबेहूब पांढऱ्या गारगोट्या मागून आणल्या होत्या. त्यांनी आज अमावस्या नाही हे पाहूनच दिल्या! आबांचे गोटे तेलाच्या रिकाम्या डब्यात घालून माळ्यावर टाकले.

मासे तरतरीत झाले. आबांची खुर्चीही वळली. आल्यागेल्याला सांगायचे, "आसेगावचे गोटे हायत!" मी फरशीकडे पाहत राहायची. वर्गात पोरांना खरं बोला म्हणताना माझी जीभ अडखळायची. त्याच दिवसांत टोपलीतली लिंबं कमी व्हायला लागली. मी विनोदवर खेकसले.

परवा नंदानंही टँक आणला. आली ती थेट आबांपुढे बसली. "आबा, तुमच्या आसेगावचे मूठभर गोटे द्या ना मले!"

मी चहाचे कप घाईनं दोघांच्या मध्ये ठेवले.

आबांनी बाही वर सारली, टँकमधून मूठभर गारगोट्या काढल्या आणि तिच्या ओंजळीत दिल्या. "हे नेजो. सूनबाईनं तपासले, म्याबी लिंबू पिळून पाह्यलं. पास हायत."

"आन् आसेगावचे?" नंदानं विचारलं.

आबांनी बंडीच्या खिशात हात घातला. आत काहीतरी खडखडलं.

"ते माशाईले नाई सोसत," आबा म्हणाले. "मले सोसतात."